मोठं केलं तरी सापडेना: एका अनुवादिकेच्या ब्राउझरची जुळणी

दृष्टीच्या अडचणी असलेल्या लोकांना संगणक, ब्राउझर आणि फोन वापरण्याजोगे करून देणं हे माझं रोजचं काम. त्यातल्याच एका प्रकरणाची ही नोंद. ज्यांची ही हकीकत आहे त्यांना इथे नुसतं 'ताई' म्हटलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत, पण सेटिंग, चुका आणि निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत. चुकांपैकी एक माझी आहे, आणि ती लहान नव्हती.

पार्श्वभूमी

ताई साठीच्या आसपासच्या. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतात, सगळं काम घरून. दिवसाचे सहा-सात तास ब्राउझरसमोर जातात. एका टॅबमध्ये काम देणाऱ्या संस्थेचं पोर्टल, दुसऱ्यात संदर्भाची पानं, तिसऱ्यात शब्दकोश. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, औषधं चालतात ती उरलेली टिकवण्यासाठी. त्यांचे उपचार नियमित सुरू होते आणि त्या बाजूला माझं काही काम नव्हतं.

संगणकाची व्यवस्था मुलगा बघायचा. आईला दिसत नाही म्हटल्यावर त्याने कुणीही करेल तेच केलं, सगळं मोठं केलं. लॅपटॉपचं विंडोजमधलं स्केल १५० टक्के होतंच, त्यावर ब्राउझरचा झूम २०० टक्के केला. टास्कबारवर मॅग्निफायर, म्हणजे पडद्याचा एक भाग मोठा करून दाखवणारी विंडोजमधली सोय, आणून ठेवला. लॅपटॉप टेबलाच्या अगदी कडेला, ताईंच्या जवळ ओढला. सूचना लवकर नाहीशा होतात अशी तक्रार होती, म्हणून विंडोजमध्ये सूचना पडद्यावर राहण्याची मुदत पाच सेकंदांवरून पाच मिनिटांवर नेली.

हे सगळं होऊन काही महिने झाले होते आणि ताईंचं काम उलट मंदावलं होतं. पोर्टलवरची दोन कामं त्यांच्या लक्षातच न आल्यामुळे दुसऱ्यांकडे गेली. "आईला आता स्क्रीन रीडर शिकवा," असा मुलाचा निरोप आला तेव्हा प्रकरण माझ्याकडे आलं. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या भेटीत मी कशालाही हात लावत नाही, बाजूला बसून बघतो. ताईंना म्हटलं, रोजच्यासारखं पोर्टल उघडा आणि नवीन काम आहे का ते बघा.

पान उघडलं. अक्षरं प्रचंड होती, मलाच खुर्ची मागे घ्यावीशी वाटली. ताईंनी वाचायला सुरुवात केली आणि ओळीच्या शेवटाशी पोहोचून अडल्या. पुढची ओळ कुठून सुरू होते ते सापडेना. डोकं डावीकडे वळवून त्या परत आल्या, त्या एक ओळ खाली. मधली ओळ सुटली होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं. मग माउसचा बाण हरवला. तो शोधायला त्या माउस गोल गोल फिरवत राहिल्या. तेवढ्यात कोपऱ्यात खाली एक चौकट उमटून गेली, 'काम स्वीकारण्याची मुदत आज संपते' अशी. मी ती पाहिली, त्यांनी नाही.

आता आकड्यांकडे बघू, कारण निम्मं कोडं तिथेच सुटतं. लॅपटॉपचा पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा. १५० टक्के स्केलमुळे ब्राउझरला वाटतं की रुंदी १२८० आहे. त्यावर २०० टक्के झूम, म्हणजे वेबसाइटच्या हिशेबाने रुंदी उरली ६४०. हे दोन आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात: दीडपट गुणिले दुप्पट, म्हणजे तिप्पट. ६४० रुंदी दिसल्यावर पोर्टल समजतं की समोर छोटा टॅबलेट आहे. ते आपला मेनू गुंडाळून तीन रेघांच्या चिन्हात टाकतं, आणि ताई ज्या मेनूतून गेली कित्येक वर्षं काम उघडत होत्या तो मेनूच पानावरून जातो. उंचीचं तर विचारूच नका. १०८० भागिले तीन म्हणजे ३६०. त्यातून ब्राउझरच्या वरच्या पट्ट्या आणि खालचा टास्कबार वजा केला की तीनशेसुद्धा उरत नाहीत. पोर्टलची वर चिकटून राहणारी निळी पट्टी त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा खात होती. उरलेल्या जागेत एका वेळी चार ओळी दिसायच्या.

गंमत म्हणजे पोर्टलचं इथे काही चुकलेलं नव्हतं. वेब सुलभतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या २०१८ च्या २.१ आवृत्तीत असा निकष आहे की रुंदी ३२० पर्यंत आली तरी मजकूर आडवा सरकवावा न लागता एका रांगेत बसला पाहिजे. पोर्टल तो व्यवस्थित पाळत होतं. त्या निकषाच्या तपासणीत ते पास झालं असतं. ताई मात्र नापास होत होत्या.

मुख्य धागा मिळाला तो निघता निघता. अगदी सहज आवाजात ताई म्हणाल्या, "फोनवर मात्र मी पेपर रोज वाचते हं, शेवटपर्यंत." मुलाने लगेच कारण दिलं, फोन ती डोळ्यांजवळ धरते म्हणून. मी त्यांना फोन काढून वाचायला सांगितलं. फोन जवळ नव्हता, चांगला हातभर लांब होता. अक्षरं नेहमीच्या आकाराची होती. आणि त्या भराभर वाचत होत्या, ओळ न चुकता.

म्हणजे अक्षरं दिसण्याची अडचण नव्हतीच. काचबिंदूत बहुधा बाजूची नजर आधी जाते आणि मधली टिकून राहते. ताईंना हे 'बोगद्यातून बघितल्यासारखं' वाटत नव्हतं. तसं पुष्कळांना वाटत नाही, कारण गेलेला भाग काळा दिसत नाही, तो नुसता नसतो. त्यांच्या शब्दांत, "पान अर्धवट येतं." अशा नजरेला फोनचा अरुंद रकाना एका दमात मावतो. लॅपटॉपवर तिप्पट केलेली ओळ मावत नाही. आपण अक्षर मोठं करत गेलो तसं पान त्यांच्या नजरेच्या चौकटीबाहेर ढकलत गेलो. आणि लॅपटॉप जवळ ओढल्याने तीच चूक आणखी वाढली होती.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारल्यावर सांगितली, पांढऱ्या पानाकडे दुपारनंतर बघवत नाही, डोळे दिपतात. फिकट राखाडी अक्षरं तर पानात विरघळून जातात. म्हणजे अडचणी तीन होत्या: जागा न सापडणं, चमक, आणि फिका रंग. आकार त्यात नव्हता.

समोर असलेले पर्याय

झूम आणखी वाढवणं किंवा मॅग्निफायर लावणं हा पर्याय त्याच क्षणी बाद झाला. मॅग्निफायरचं भिंग म्हणजे अरुंद नजरेपुढे आणखी एक अरुंद खिडकी. मधली नजर अधू झालेल्यांना मॅग्निफायर वरदान ठरतो. ताईंचं बरोबर उलटं होतं.

स्क्रीन रीडरचा विचार मात्र गंभीरपणे केला. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये मराठी आहे. पण भाषांतरकाराला शुद्धलेखन डोळ्यांनी बघावं लागतं, ऱ्हस्वदीर्घ कानाला कळत नाही. शिवाय विषय निघाला तेव्हा ताई एकदम गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे आता मी आंधळी झाले का?" मी तो विषय तिथेच मिटवला. बरोबर केलं की चूक, ते पुढे येईलच.

तिसरा पर्याय रंग बदलणाऱ्या एक्स्टेंशनचा, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचा. डार्क रीडरसारखं एक्स्टेंशन टाकलं की बहुतेक साइट काळ्या पार्श्वभूमीवर येतात, आणि ते काम चांगलं करतं. पण अशा एक्स्टेंशनला 'सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी द्यावी लागते, त्याशिवाय ते रंग बदलूच शकत नाही. ताईंच्या टॅबमध्ये लोकांचे करार आणि वैद्यकीय अहवाल उघडे असतात, आणि संस्थेशी त्यांचा गोपनीयतेचा करार आहे. एक्स्टेंशन प्रामाणिक असेलही, पण ते पुढे कुणाच्या हातात जाईल याची हमी मी देऊ शकत नव्हतो. ब्राउझरच्या आणि विंडोजच्या पोटात जे आहे त्यातच भागवायचं ठरलं.

चौथा, मोठा वेगळा मॉनिटर. मुलाची तयारी होती. मी नको म्हटलं. मोठ्या पडद्याला कोपरे लांब असतात.

मग उरलं ते असं: झूम कमी करायचा, रकाना अरुंद करायचा, चमक घालवायची आणि हरवणाऱ्या गोष्टी हाताशी आणायच्या. मुलाला हे पटायला वेळ लागला. त्याने महिनोन्महिने प्रेमाने मोठं केलेलं सगळं मी लहान करायला निघालो होतो.

काय काय केलं

आधी लॅपटॉप मागे सरकवला. वीतभरच, पण ताई लगेच म्हणाल्या, "हां, आता कडा दिसतात." पडदा लांब गेला की तो नजरेत कमी जागा व्यापतो, तेवढाच जास्त भाग मावतो. यात पैसा लागत नाही आणि सेटिंगही लागत नाही, त्यामुळे हे कुणाला सुचत नाही.

मग पोर्टल. झूम २०० वरून ११० वर आणला. ब्राउझर प्रत्येक साइटचा झूम वेगळा लक्षात ठेवतो, म्हणून हा बदल पोर्टलपुरताच राहिला. मेनू परत आला, पण आता पान रुंद झालं होतं आणि उजवीकडची बटणं पुन्हा नजरेबाहेर. अरुंद केलं तर मेनू गडप, रुंद ठेवलं तर बटणं गडप. इथे बराच वेळ गेला. शेवटी ब्राउझरची खिडकी पूर्ण पडदाभर न ठेवता तिची उजवी कड धरली आणि हळूहळू आत ओढत गेलो. एका ठिकाणी मेनू टुपकन तीन रेघांत गेला. तिथून बोटभर मागे आलो आणि थांबलो. मेनू शाबूत आणि पान शक्य तितकं अरुंद, अशी ती जागा. खिडकीच्या बाजूला उरलेल्या जागेत डेस्कटॉप दिसत होता, त्याचं चित्र काढून साधा काळा रंग दिला, म्हणजे तिथून चमक नको.

बाणासाठी विंडोजच्या सुलभता विभागात जाऊन आकार वाढवला आणि रंग झगझगीत पिवळा केला. त्याहून जास्त उपयोग झाला तो माउसच्या सेटिंगमधल्या एका जुन्या सोयीचा. 'कंट्रोल दाबल्यावर बाणाची जागा दाखवा' यावर खूण केली की कंट्रोल दाबून सोडताच बाणाभोवती वर्तुळं उमटतात आणि आत मिटत जातात. माउस गोल फिरवणं त्याच दिवशी थांबलं. लिहिताना कर्सर हरवू नये म्हणून टेक्स्ट कर्सर इंडिकेटरही सुरू केला. त्याने उभ्या रेघेला वर-खाली रंगीत गोळे लागतात.

वाचनासाठी फायरफॉक्सचा रीडर व्ह्यू. एफ ९ दाबलं की जाहिराती, पट्ट्या, बाजूचे रकाने सगळं जातं आणि नुसता लेख उरतो. त्यात रकान्याची रुंदी कमी करता येते, ओळींमधलं अंतर वाढवता येतं, पार्श्वभूमी गडद करता येते. रकाना जवळजवळ फोनइतका अरुंद केला. ओळींमधलं अंतर वाढवलं. अक्षरांमधलं अंतर वाढवायचीही सोय तिथे असते, पण मराठीत तिच्या वाटेला जाऊ नये. अक्षरं लांब केली की शिरोरेषा तुटते, शब्द म्हणून दिसायचा तो सुट्या अक्षरांची माळ होतो. रोमन लिपीत हीच गोष्ट कित्येकांना मदत करते. डब्ल्यूसीएजीतही अंतराच्या निकषाला सवलत आहे, ज्या लिपीत एखाद्या प्रकारचं अंतर चालत नाही तिथे तो लागू नाही. ठळक टाइपचंही तसंच. जोडाक्षरांच्या पोटातली मोकळी जागा बुजते आणि 'ष' आणि 'प' जवळ जवळ येतात. ताईंनी साधा टाइपच पसंत केला.

बारीक अक्षरांचा प्रश्न वेगळा राहिला होता. काही साइटवर तळटिपा इतक्या बारीक, की नजर चांगली असलेल्यालाही त्रास. मुलाने फायरफॉक्समध्ये किमान अक्षर-आकार २० ठरवला होता, पण मराठी पानांवर काहीच फरक पडत नव्हता आणि 'हे सेटिंग चालत नाही' अशी घरात समजूत होती. सेटिंग चालत होतं. फायरफॉक्समध्ये फॉन्टच्या प्रगत सेटिंगमध्ये वर एक यादी असते, 'कोणत्या लिपीसाठी' अशी. त्याने लॅटिनसाठी, म्हणजे इंग्रजीच्या रोमन लिपीसाठी, आकार ठरवला होता, देवनागरीचा रकाना तसाच होता. देवनागरी निवडून तिथे १८ घातलं आणि मराठी पानं सुधारली.

सगळी नाही. एक साइट तशीच राहिली, पूर्ण मराठी असूनही. तिच्या पानाच्या कोडमधली पहिलीच ओळ काढून बघितली तर भाषा म्हणून 'इंग्रजी' लिहिलेलं. ब्राउझर मजकूर बघून लिपी ठरवत नाही, त्या नोंदीवर विश्वास ठेवतो. त्यामुळे तिथे लॅटिनचं सेटिंग लागू होत होतं, आणि ते मी नुकतंच मोठ्या उत्साहाने पुन्हा शून्यावर आणलं होतं. दोन्ही लिपींना १८ दिल्यावर भागलं. अशा पानांवर मराठी स्क्रीन रीडरही इंग्रजी आवाजात अडखळत वाचतो, कारण तेच. मराठी साइट बनवणाऱ्यांनी ही एक ओळ दुरुस्त केली तरी पुष्कळ लोक दुवा देतील.

गोष्टी सापडाव्यात म्हणून कंट्रोल आणि एफ. बटण डोळ्यांनी हुडकायचं नाही, त्याचं नाव टाइप करायचं, ब्राउझर तिथे नेऊन ठेवतो. फायरफॉक्समध्ये याहून झटपट एक वाट आहे: तिरकी रेघ दाबली की लगेच शोध सुरू होतो. मी ती दाखवली, ताईंनी करून बघितली, आणि पानावर काहीच झालं नाही. मी दोनदा स्वतः दाबून बघितलं. मग लक्षात आलं, त्यांचा मराठी कीबोर्ड सुरू होता. इन्स्क्रिप्ट या त्यांच्या मराठी कीबोर्डच्या मांडणीत तिरक्या रेघेच्या जागी 'य' आहे. दिवसभर मराठी लिहिणाऱ्या माणसाला ती वाट उपयोगाची नाही. कंट्रोल-एफ दोन्ही कीबोर्डवर चालतं, तेच पक्कं केलं.

कुठे चुकलं

चमक आणि फिके रंग यांच्यासाठी मी विंडोजची कॉन्ट्रास्ट थीम लावली. काळी पार्श्वभूमी, ठसठशीत अक्षरं, सगळ्या साइटवर एकसारखी. ताई खूश झाल्या. मीही खूश होऊन निघालो.

आठवड्याने फोन आला. तपासनिसाने परत पाठवलेल्या भाषांतरात ताईंनी तीन दुरुस्त्या केल्याच नव्हत्या आणि काम तसंच पुढे गेलं होतं. संस्थेने नाराजी कळवली होती. काय झालं होतं ते समजायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि म्हणूनच लाज वाटली. कॉन्ट्रास्ट थीम साइटने दिलेले रंग काढून टाकते आणि आपले ठरावीक चार-सहा रंग सगळीकडे लावते. तेच तिचं काम. पोर्टलवर तपासनिसाचे शेरे नुसत्या लाल अक्षरांत असतात, ना अधोरेखा, ना खूण. थीममुळे ते बाकीच्या मजकुरात मिसळून गेले. ताईंना ते दिसले नाहीत असं नाही. ते शेरे आहेत हे कळायला काही उरलंच नव्हतं.

अर्थ केवळ रंगातून सांगू नये हा डब्ल्यूसीएजीचा अगदी जुना नियम आहे, २००८ च्या २.० आवृत्तीतही तो आहे. पोर्टल तो पाळत नव्हतं हे खरं. पण ते बोलून मला सुटता येणार नव्हतं. ज्या साइटवर या बाईंचं काम चालतं तिथलं प्रत्येक पान नव्या रंगांत उघडून बघणं ही माझी जबाबदारी होती. मी नवीन कामांची यादी बघितली, लिहायचं पान बघितलं, परत आलेल्या कामाचं पान बघितलं नाही. शिवाय हा बदल मी त्यांच्या कामाच्या ऐन गर्दीच्या आठवड्यात केला.

दुरुस्ती सोपी निघाली. कॉन्ट्रास्ट थीम काढली. फायरफॉक्सच्या स्वतःच्या रंग-सेटिंगमध्ये जाऊन तिथेच आपले रंग सक्तीने लावले, पार्श्वभूमी शुद्ध काळी न ठेवता गडद करडी आणि अक्षरं किंचित पिवळसर पांढरी. कुट्ट काळ्यावर शुभ्र पांढरी अक्षरं ताईंना पसरल्यासारखी दिसत होती. पोर्टलसाठी दुसरा ब्राउझर ठेवला, एज, त्यात साइटचे मूळ रंग, आणि चमक कमी करायला पडद्याचीच प्रखरता उतरवली. एक ब्राउझर वाचायचा, एक कामाचा. दोघांची चिन्हं टास्कबारवर वेगवेगळ्या टोकांना ठेवली.

या निर्णयावर माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप होता, दोन ब्राउझर म्हणजे दोन पासवर्ड-पेट्या, दोन इतिहास, गोंधळ. आक्षेप रास्त आहे. कामाच्या आणि वाचनाच्या साइट एकमेकींत मिसळलेल्या असत्या तर मी हे केलं नसतं. ताईंच्या बाबतीत त्या स्वच्छ वेगळ्या होत्या.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा पोर्टलवर काम उघडणं, स्वीकारणं आणि पाठवणं ताई न अडता करत होत्या. दुपारनंतरचं वाचन रीडर व्ह्यूत चालतं. ओळ अजून कधी कधी सुटते, पण सुटली हे आता कळतं. मुलाने ठेवलेला मॅग्निफायर टास्कबारवरून गेला.

एक गोष्ट मी सुचवली नव्हती, ती त्यांनीच शोधली. एजमध्ये पान मोठ्याने वाचून दाखवायची सोय आहे आणि त्यात मराठी आवाज आहेत. स्वतःचं भाषांतर पाठवण्याआधी त्या ते एकदा ऐकतात. डोळ्यांतून निसटलेला शब्द कानाला खटकतो. फक्त ते नैसर्गिक आवाज इंटरनेटवरून चालतात, म्हणजे मजकूर संगणकाबाहेर जातो. हे कळल्यावर गोपनीय कामासाठी त्यांनी एनव्हीडीएचा यांत्रिक वाटणारा, पण संगणकातच राहणारा आवाज घेतला. काही महिन्यांपूर्वी ज्याच्या नुसत्या नावाने त्या गप्प झाल्या होत्या तोच स्क्रीन रीडर त्यांनी स्वतः उतरवून घेतला होता. "आवाज रोबोटसारखा आहे, पण चुका बरोबर पकडतो," एवढंच म्हणाल्या.

फोनवर फारसं काही करावं लागलं नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये 'झूम सक्तीने सुरू करा' एवढं चालू केलं, म्हणजे ज्या साइट बोटांनी मोठं करायला बंदी घालतात तिथेही ते करता येतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीआधी मी आठवडाभराची यादी मागेन: कोणत्या साइट, कोणती पानं, कशासाठी. आठवणीतून सांगितलेली नव्हे, ब्राउझरच्या इतिहासातून काढलेली. परत आलेल्या कामाचं पान त्या यादीत नक्की सापडलं असतं.

एका भेटीत एकच मोठा बदल करेन. मी दुसऱ्या भेटीत झूम, रंग, बाण आणि फॉन्ट एकदम बदलले, त्यामुळे पुढे बिघडलं तेव्हा ताईंना कशाला नावं ठेवावीत हेच कळेना. कॉन्ट्रास्ट थीम चटकन चालू-बंद करायची कळ विंडोजमध्ये आहे, डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र. ती मी त्यांना शिकवलीच नव्हती. माणसाला आत नेताना परतीची वाट दाखवायची असते, तेवढं राहिलं.

सेटिंग कागदावर लिहून ठेवेन, आणि तेही आधीच्या आकड्यांसकट. नंतर ब्राउझरच्या एका अपडेटमध्ये रंगांचं पान नव्या जागी गेलं तेव्हा ताईंनी फोन करून विचारलं, आणि मलाही आठवेना की करडा कोणता दिला होता.

स्क्रीन रीडरचा विषय मी मिटवायला नको होता, नीट मांडायला हवा होता. नजर चांगली असताना शिकणं सोपं जातं, कारण ऐकलेलं डोळ्यांनी ताडून बघता येतं. आंधळेपणाचं साधन म्हणून नव्हे, दुसरं मत देणारा वाचक म्हणून त्याची ओळख करून दिली असती तर बहुधा तेव्हाच चाललं असतं. त्यांनी ती वाट स्वतः काढली, यात माझं श्रेय शून्य.

आणि मुलाला पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवून दाखवेन. शेवटच्या भेटीत मी त्याला जाड कागदाची सुरळी करून दिली आणि तिच्यातून तिप्पट केलेलं पोर्टल वापरायला सांगितलं. मेनू शोधता शोधता त्याने सुरळी खाली ठेवली, आणि मग आईकडे बघून काहीच बोलला नाही.

जे सुटलं नाही

कोपऱ्यात उमटून जाणारी चौकट. विंडोजमध्ये सूचनांची मुदत पाच मिनिटं केली तरी ती फक्त विंडोजच्या सूचनांना लागते. वेबसाइटने स्वतःच्या पानात काढलेली चौकट किती वेळ राहील हे ती साइट ठरवते, आणि त्यावर ब्राउझरकडे किंवा विंडोजकडे साधं सेटिंग नाही. तसंच थोडा वेळ हालचाल न झाल्यास पोर्टल न विचारता बाहेर काढतं. मुदत संपण्याआधी सावध करावं आणि ती वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्यावेत, असं डब्ल्यूसीएजी सांगतं.

ताईंनी संस्थेला पत्र लिहिलं. मी मसुद्यात सुलभतेचे निकष क्रमांकासहित घातले होते, ते त्यांनी सगळे काढले आणि तीनच वाक्यं ठेवली: चौकट कुठे येते, किती वेळ राहते, आणि त्यामुळे कोणती दोन कामं गेली. सोबत पडद्याचं छायाचित्र जोडलं. उत्तर आठ दिवसांत आलं. शेऱ्यांना आता लाल रंगाबरोबर अधोरेखाही आहे. बाहेर काढण्याआधी सूचना येते. चौकट मात्र अजून कोपऱ्यातच उमटते, आणि ताई दर सकाळी पोर्टल उघडलं की आधी कंट्रोल-एफ करून 'मुदत' हा शब्द शोधतात.